मुक्कामी गाडीची टीम

मी एसटीचा ड्रायव्हर. नाव रंगनाथ. एकोणतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, येत्या मार्चात सुटणार. लोक विचारतात, एवढ्या वर्षांत अपघात किती केलेत? गाडीचा एकही नाही, हे मी छाती फुगवून सांगतो. पण माझ्या कंडक्टरनं एक केला. भर दिवसा, शे-दोनशे माणसांच्या टाळ्यांत केला, आणि मी तिथंच शेंगा खात उभा होतो. त्यामुळं सगळा दोष त्याच्या गळ्यात घालता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कंडक्टरचं नाव बन्सीधर. उंचीनं बेताचा, पोट थोडं पुढं, आवाज असा की शेवटच्या सीटवर घोरणारा माणूस उठून सुटे पैसे काढतो. देवानं या माणसाला सगळं दिलं, फक्त 'नाही' हा शब्द द्यायचा राहिला. चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत ऐंशी माणसं कोंबायची आणि वर दारात उभं राहून म्हणायचं, "या, या, लय जागा हाय!" मी आरशातून डोळे वटारायचो. तो म्हणायचा, "रंगूभाऊ, म्हातारं माणूस उन्हात उभं हाय." आत बसलेली म्हातारी माणसं घुसमटतायत, हे त्याला दिसायचं नाही. जो बाहेर उभा, त्याचीच याला दया. हा त्याचा स्वभाव मला अकरा वर्षांपासून माहीत होता आणि मी त्याला अकरा वर्षं शिव्याच देत आलो.

आमच्याकडं पेडगावची मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी साडेपाचला गावात पोचायचं, रात्र तिथंच काढायची आणि सकाळी सहाला कॉलेजची पोरं भरून परभणी गाठायची. ही ड्युटी डेपोत कुणाला नको असते. घर सोडून ग्रामपंचायतीच्या खोलीत डासांना रक्तदान करायला कोण हौसेनं जाईल? बन्सीनं ती मागून घेतली आणि मला न विचारता शेजारी माझं नाव लिहून दिलं. दिवसाआड मुक्काम पदरात पडला.

मुक्कामाच्या गावात आम्हाला संध्याकाळी काही काम नसतं. मी आडवा व्हायचो. बन्सीचं लहानपण मात्र परभणीत, मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळण्यात गेलेलं. त्याचे पाय काही गप्प बसेनात. पहिल्या महिन्यातच त्यानं शाळेमागच्या गायरानातले दगड वेचून काढले, तुराट्या रोवून दोन गोल केले आणि तिकिटाच्या पेटीतून एक फुटबॉल काढला. गावातली पोरं क्रिकेटमधून उठायला तयार नव्हती. आल्या त्या पोरी. आठ जणी. "छोड! बॉल छोड!" बन्सी मोहल्ल्याच्या बोलीत ओरडायचा. पास दे, असा त्याचा अर्थ. महिनाभरात त्या पोरी घरी जेवतानासुद्धा "भाकर छोड" म्हणायला लागल्या. गावानं नाव ठेवलं, मुक्कामी टीम.

त्या आठांत संघप्रिया वेगळी होती. सिताराम आणि केशरबाईची थोरली, तेव्हा नववीत. घरी चार एकर शेत आणि एक बैलजोडी. पोरगी अंगानं काटकुळी, बोलायला कंजूष. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण तिच्या पायात बॉल आला की मी बाजेवर उठून बसायचो. समोर तीन जणी आल्या तरी ही त्यांच्यामधून अशी निघायची, जशी बाजाराच्या गर्दीतून एखादी बाई डोक्यावरची पाटी न हलवता निघते. बन्सी तर देव्हाऱ्यापुढं उभं राहावं तसा हात जोडून उभा राहायचा.

आता सावडीचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं. सावड म्हणजे शेतकऱ्यांची जुनी रीत. आज माझा बैल तुझ्या शेतात, उद्या तुझा माझ्या. आमच्या भागात पोरींच्या टीम नव्यानंच उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीचं काहीतरी उणं होतं. सामने सात-सातचे, तरी सात भरायचे नाहीत. सोनपेठला दोन गोलकीपर, पण गोल मारणारी एक नाही. मानवतला मैदान आहे, जाळी आहे, बूट आहेत, पोरी पाच. आमची गाडी या सगळ्या गावांतून जाणारी. बन्सीनं दारात उभं राहून व्यवहार जमवायला सुरुवात केली. "तुमची गोली आमाला द्या, आमची संघप्रिया तुमी न्या." गोली म्हणजे गोलकीपर. झाली सावड सुरू. पहिल्यांदा महिन्यातून एकदा, मग दर रविवारी, मग शनिवार-रविवार. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात. पाच गावांनी खणलं.

तिला पाठवायची पद्धत काय होती, तेही सांगतो. परभणीत शिकणाऱ्या पोरांसाठी आया सकाळी गाडीत डबे ठेवतात. कंडक्टर ते उतरवून घेतो, जिकडचे तिकडे पोचवतो. संघप्रियाही तशीच जायची. बन्सीची ड्युटी दुसरीकडं असली की तो आमच्या डेपोतल्या दत्ता कंडक्टरला सांगायचा, "दत्ता, या पोरीला सोनपेठला उतरव. हरिओम सर घ्यायला येतेत." हरिओम हे तिथले खेळाचे सर आणि तिथल्या स्पर्धांचे कर्तेकरविते. दत्ता तिला उतरवायचा, हरिओम सर घेऊन जायचे, सामना झाला की परतीच्या गाडीत बसवून द्यायचे. एकदा मी आरशात पाहिलं. खिडकीच्या गजाला डोकं लावून ती झोपली होती आणि बूट मांडीवर. गाडी खड्ड्यातून गेली, डोकं गजावर आपटलं, तरी तिला जाग आली नाही. मला ते दिसलं. मी पुढचा गिअर टाकला आणि विसरून गेलो.

बन्सी तिला विचारायचा नाही, असं नाही. "संघे, जातीस ना सोनपेठला?" ती मान हलवायची. "दमलीस का?" ती मान उलटी हलवायची. त्याला तेवढं पुरायचं.

दोन वर्षं होतील आता. फेब्रुवारी महिना, रविवार, मानवतची स्पर्धा. दहावीची परीक्षा तिच्या तोंडावर आलेली. आमची स्वतःची मुक्कामी टीम पहिल्याच फेरीत हरून बाहेर पडली होती, कारण संघप्रिया सावडीत दुसऱ्यांना दिलेली! लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्याच्या घरी चूल थंड असते, ती अशी. फायनलला आले मानवत आणि सोनपेठ. आणि तेव्हा कळलं की बन्सीनं फायनलसाठी तिला दोघांनाही कबूल केलं होतं. नाही म्हणता येत नाही ना! मानवतवाले म्हणाले, बूट आमी दिले. हरिओम सर म्हणाले, डिसेंबरात आमची गोली तुमाला दिली. मैदानाच्या मधोमध दोन्हीकडची माणसं बन्सीला घेरून उभी राहिली.

बन्सीनं घाम पुसला आणि तोडगा काढला. "भांडू नका. पहिला हाफ मानवतकून, दुसरा हाफ सोनपेठकून."

आणि सगळे हसले हो. हसले आणि मान्य करून बसले. पंच म्हणून उभे असलेले मास्तर म्हणाले, गावचीच स्पर्धा आहे, चालतंय. मीसुद्धा म्हणालो, वा रे बन्सी, डोकं चालवलंस. कुणी तिला विचारलं नाही. ती बाजूला उभी राहून बुटाची नाडी बांधत होती.

पहिल्या हाफमध्ये मानवतचा पिवळा शर्ट घालून तिनं सोनपेठवर एक गोल केला. टाळ्या. मध्यंतरात त्या पिवळ्यावरच सोनपेठचा निळा शर्ट चढवला. पुन्हा टाळ्या, वर शिट्ट्या. दुसरा हाफ सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली असतील. कुणीतरी तिच्याकडं बॉल दिला. समोर मोकळं मैदान, गोलकीपर एका बाजूला गेलेली. आपणच केलेला गोल फेडायचा, एवढंच काम होतं. तिनं बॉलवर पाय ठेवला आणि ती थांबली. सगळे ओरडायला लागले, मार, मार. तिनं खाली वाकून बॉल दोन्ही हातांनी उचलला. "हँड! हँड!" पोरं बोंबलली. ती चालत पंचांकडं गेली, बॉल त्यांच्या हातात दिला. निळा शर्ट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि स्टँडवर उभ्या असलेल्या आमच्या गाडीत जाऊन बसली.

कुणाला काही समजेना. निघायची वेळ झाली तशी आम्हीही गाडीत आलो. आजवर टीमच्या पोरींची तिकिटं बन्सी स्वतःच्या पैशानं काढायचा, त्यांना काही विचारायचा नाही. तो मशीन घेऊन तिच्याजवळ गेला. तिनं ट्रॅक पँटच्या खिशातून वीसची नोट काढली आणि खिडकीकडं बघत म्हणाली, "पेडगाव एक. अर्धं."

बायकांना अर्धं तिकीट असतं, म्हणून अर्धं. बन्सीनं मशीनवर बटण दाबलं, तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि मागं जाऊन बसला. त्या दिवशी मानवत ते पेडगाव तो एकदाही "पुढं सरका" म्हणाला नाही.

आठवड्यानं आम्ही तिच्या घरी गेलो. केशरबाई अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही की या म्हणाली नाही. बन्सी म्हणाला, "अक्का, पोरीचं काय बिनसलं, कळंना मला."

"बन्सीभाऊ," केशरबाई म्हणाली, "आमचे बैल सावडीला जातेत, तुमाला माहीत हाय. कसे जातेत, ते माहीत हाय का? बैलासंगं आमचा गडी जातो. दुपारी सोडतो, पाणी दावतो, वैरण टाकतो. सांजच्याला बैल घरी आला की हे त्याच्या खांद्यावरून हात फिरवून बघतेत, सुजला का म्हणून. सुजला आसंल तर दुसऱ्या दिशी जुपत न्हाईत, कोनी का मागायला येईना. तुमी माझी लेक सावडीला दिली. तिच्यासंगं कोन गेलं व्हतं?"

केशरबाईनं सुपातली तूर एकदा पाखडली.

"दोनी आंगठ्याची नखं काळी पडलीत तिची. झोपंत 'इकडं दे, इकडं दे' म्हणून बरळायलीय. मला बी कळलं न्हाई, भाऊ. मी बी पेपरात फोटू आला म्हणून पेढे वाटले. तिला 'दमले' म्हणता येत न्हाई, तुमाला 'न्हाई' म्हणता येत न्हाई. चांगली जोडी जमली दोघाची."

बन्सीनं आत डोकावून पाहिलं. तिची माफी मागतो म्हणाला. केशरबाईनं सूप आडवं धरलं. "तिला आता काई बोलू नका. माफी न्हाई, समजूत न्हाई. ती आपून बोलंल तव्हा बोलंल. तवर तुमी गप ऱ्हायचं."

परत येताना बन्सी गायरानाच्या कडेला बसला आणि रडला. पन्नाशीचा बाप्या, खाकी पँटवर टिपं गाळत होता. मला राग आला होता त्याचा, पण त्याहून जास्त माझा आला होता, कारण गजावर आपटलेलं ते डोकं मला आठवत होतं.

टीम महिन्याभरात विस्कटली. संघप्रिया नाही तर आम्ही कशाला, असं मोठ्या पोरींना वाटलं. आयाबापांनाही निमित्त हवंच होतं. आठांच्या तीन राहिल्या. बन्सीनं बॉल तिकिटाच्या पेटीत ठेवला आणि जाहीर केलं की, बंद. मीही म्हणालो, बरं झालं, निदान संध्याकाळी झोप तरी होईल. खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत मला एकदाही धड झोप लागली नाही. गायरानात आरडाओरडा नसला की डास जास्त ऐकू येतात.

जूनमध्ये संघप्रिया अकरावीला परभणीला जायला लागली. आमच्याच गाडीनं, सकाळी सहाला. दुसरी गाडीच नाही. बारावीपर्यंतच्या पोरींना एसटीचा पास फुकट असतो. बन्सी मशीन घेऊन तिच्यापर्यंत जायचा, ती पास दाखवायची आणि म्हणायची, "पास." बन्सी "हं" म्हणून पुढं सरकायचा. दिवसाआड एक शब्द. इतर पोरांशी तो थट्टा करायचा, पास बघता बघता निकाल विचारायचा. तिच्या सीटपाशी आला की याचा आवाज बसायचा. परभणीला उतरल्यावर चहा पिताना मला सांगायचा, "रंगूभाऊ, आज तिच्या हातात पुस्तक व्हतं." किंवा, "आज शेजारणीसंगं हसली." एवढ्या बातम्यांवर तो दिवस काढायचा. त्याला तिच्या पायात बॉल नको होता आता. तिच्या तोंडून दुसरा शब्द हवा होता.

टीम परत उभी राहिली ती सृष्टीमुळं. सृष्टी म्हणजे सविताची पोरगी, संघप्रियाच्या शेजारची, तेव्हा पाचवीत. मुक्कामाला गाडी लागली की दाराशी येऊन उभी. "कंडक्टर मामा, बॉल आणला का?" बन्सी म्हणाला, न्हाई आणला. ती म्हणाली, "पेटीत हाय. मी बघितलाय." खोटं पकडलं गेलं की बन्सी फार गोंधळतो. काढला बॉल. त्या संध्याकाळी तिघी खेळल्या आणि हा गायरानाच्या कडेला उकिडवा बसून त्यांचे पाय बघत राहिला. खेळ नाही, पाय. सुजले का म्हणून.

पहिलं वर्षभर सामना एकही नाही. गावं मागायला यायचीच. हा काय करायचा? मला पढवून ठेवायचा, "रंगूभाऊ, हरिओम सर दिसले की गाडी काढा." मी हॉर्न वाजवत निघायचो, हरिओम सर गाडीमागं चार पावलं पळायचे. तीन महिने असा पळपुटेपणा चालला. मग एके दिवशी सोनपेठच्या स्टँडवर टायर पंक्चर निघाला आणि पळायला वाट राहिली नाही. हरिओम सर आले. "बन्सीभाऊ, दोन पोरी द्या, फकस्त एक सामना." बन्सीनं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम जॅक फिरवत बसलो. त्यानं तिकिटाचं मशीन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. शेवटी म्हणाला, "न्हाई." इतक्या हळू म्हणाला की सरांनी विचारलं, काय? मग मात्र कंडक्टरच्या आवाजात म्हणाला, "न्हाई म्हणलं की हो, सर!" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. त्याला इतकं हलकं वाटलं की परतीच्या वाटेवर गाडी भरल्यावर त्यानं दोन माणसांना चक्क मागच्या गाडीनं यायला सांगितलं. मी स्टिअरिंगला हात जोडले.

पोरी वाढत गेल्या, पण मुंगीच्या पावलानं. तीनच्या पाच व्हायला सहा महिने लागले. बन्सीनं आता एक धरून ठेवलं होतं की एका जागेवर दोघी तयार झाल्याशिवाय बाहेर सामना घ्यायचा नाही. म्हणजे सातांच्या टीमला चौदा पोरी. कुठून आणायच्या? घरोघरी हिंडला. आणि जिला न्यायची तिच्या घरच्यांना सांगायचा, "तिच्यासंगं तुमच्यातलं कोनी तरी पायजे. आई, आज्जी, मावशी, कोनी बी. बैलासंगं गडी." केशरबाईचंच वाक्य, पण तिचं नाव न घेता. झालं काय, की दुसऱ्या वर्षी जेव्हा सामने सुरू झाले तेव्हा रविवारी आमच्या गाडीत चौदा पोरी आणि चौदा बाया. लाडू काय, धपाटे काय, भांडणं काय! मैदानाच्या कडेला या बाया बसायच्या आणि पोरगी जरा लंगडली की तिची आई सरळ आत घुसायची. पंचांनी शिट्टी वाजवली तर लक्ष्मीबाई नावाच्या एका आजीनं त्यांनाच बसवलं. "तू वाजव तुझी पिपाणी, मी माझ्या नातीचा पाय बघते."

टीम हरायची, हे सांगायला हवं. पहिला सामना सहा-शून्यानं, दुसरा चार-शून्यानं. पूर्वीची मुक्कामी टीम आठवून लोक बन्सीला म्हणायचे, एक होती तर काय नाव होतं गावाचं! बन्सी म्हणायचा, "नाव व्हतं की. पोरगी नव्हती." मग दोन-एक. मग एकदा बरोबरी झाली, तेव्हा अठ्ठावीस जणींनी गाडीत एवढा धिंगाणा केला की मी आरसा वळवून ठेवला.

आणि दिवसाआड सकाळी, "पास." "हं."

या डिसेंबरात सोनपेठची स्पर्धा होती. आमच्या सोळा पोरी झाल्या होत्या आणि टीम पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली होती. रविवारी सकाळी पेडगावात गाडी भरली. सविताचा कापूस वेचायचा राहिला होता, तिला येता येईना. सृष्टीसंगं गडी कोण? सविता शेजारच्या दारात गेली. थोड्या वेळानं सृष्टीचा हात धरून संघप्रिया गाडीत चढली. बन्सी दारात होता. त्यानं बाजूला होऊन वाट दिली. रविवारी पास चालत नाही. तो तिच्या सीटपाशी गेला तशी ती म्हणाली, "सोनपेठ दोन. हिचं बी अर्धं." मला आरशात बन्सीचा हात दिसला. त्यानं मशीनचं बटण चुकून एकदा जास्त दाबलं आणि एक तिकीट फुकट गेलं.

सोनपेठला आम्हाला दोन तासांची उसंत होती. मीही मैदानावर गेलो. शेंगा घेतल्या नाहीत. सोनपेठचीच टीम समोर. पहिल्या हाफमध्ये आमच्यावर एक गोल झाला. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या पोरी जीव तोडून खेळत होत्या, पण गोल होईना. बन्सी घड्याळ बघून पोरी बदलत होता. पाच मिनिटं राहिली असतील. हरिओम सर बन्सीजवळ आले आणि म्हणाले, "ती कडंला बसलेली संघप्रिया हाय न्हवं? उतरवा की तिला! आमची काई हरकत न्हाई. लोकायला बी मजा येईल." आसपासच्या माणसांनी ऐकलं. कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. मग दुसऱ्यानं. बघता बघता अर्धं मैदान "संघप्रिया, संघप्रिया" करायला लागलं.

ती बायांच्या रांगेत बसली होती, मांडीवर सृष्टीची पाण्याची बाटली. तिनं मान खाली घातली. आणि मला दिसलं की तिचा हात चपलेच्या पट्ट्याकडं चालला होता. जुनी सवय. कुणी बोलावलं की उठायचं.

 मी बन्सीकडं पाहिलं. सेमीफायनल होती, पाच मिनिटं होती, आणि हा माणूस जन्मभर बाहेर उभ्या असलेल्यांना आत घेत आला होता.

"न्हाई," बन्सी म्हणाला. या वेळी सरांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. "ती आज खेळाडू न्हाई. ती आज गडी म्हणून आलीय सृष्टीसंगं. तिला कोनी हाक मारू नका."

"आवो, पण हरायलात तुमी!"

"हरू द्या की, सर. आमाला सवय हाय."

हरलोच. एक-शून्य. पोरी थोड्या रडल्या, मग धपाटे खाल्ले. परतीला गाडीत बन्सी तिकिटं फाडत तिच्यापाशी आला. "पेडगाव दोन," ती म्हणाली. त्यानं तिकिटं दिली. तो पुढं सरकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, तुमी न्हाई म्हणलात."

"व्हय."

"हरिओम सरला."

"व्हय."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. एवढंच बोलणं झालं. पण बन्सी माझ्यामागं येऊन उभा राहिला आणि पेडगाव येईपर्यंत माझ्या सीटचा दांडा धरून राहिला.  

त्यानंतर तीन मुक्काम झाले. चौथ्या संध्याकाळी, गायरानात सराव चालू होता. मी बाजेवर होतो. संघप्रिया आली. पायात जुने बूट, नाड्या नवीन. बन्सीनं तिच्याकडं पाहिलं, काही बोलला नाही. बबिता नावाच्या पोरीनं हात करून तिला आपली जागा दिली आणि ती आत गेली. सुरुवातीला बॉल तिच्या पायातून सुटायचा. पोरी हसल्या, तीही हसली. मग एकदा तीन जणींमधून तशीच निघाली, पूर्वीसारखी. मी उठून बसलो. बन्सीनं या वेळी हात जोडले नाहीत. खिशात घालून उभा राहिला.

वीस मिनिटं झाली असतील. ती मध्येच थांबली. कमरेवर हात ठेवले, दम खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मामा, दमले मी."



"मग जा की घरी," बन्सी म्हणाला. "पाणी पी. बबिता, तू ये तिच्या जागंवर."

ती गेली. बूट हातात घेऊन, बांधावरून रमतगमत गेली, आणि पोरींचा खेळ पुढं सुरू झाला. बन्सी चालत माझ्या बाजेकडं आला. डोळे भरलेले, आणि तोंड असं हसरं की मला वाटलं, याला काहीतरी झालं.

"रंगूभाऊ," तो म्हणाला, "आयकलं का तुमी? दमले म्हणाली!"

"आयकलं," मी म्हणालो, आणि बाजेवर सरकून त्याला बसायला जागा दिली.